सूचना वही आणि हातच्याची वजाबाकी

आज शिक्षण परिषदेत पुन्हा तेच: निकाल, टक्केवारी, कुठली शाळा मागे. शाळेत कामाची रीत काय, हे कुणीच विचारलं नाही.

ती कळायला सूचना वही उघडा, म्हणजे मुख्याध्यापक शिक्षकांसाठी सूचना लिहितात ती. नुसती ‘माहिती त्वरित सादर करावी’ आणि खाली सगळ्यांच्या सह्या असतील, तर तिथे शिक्षक एकमेकांशी शिकवण्याबद्दल बोलत नाहीत असं खुशाल समजा.

उपाय बिनखर्चाचा आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर ४० मिनिटं बसायचं. प्रत्येक शिक्षकाने मुलांच्या चुका असलेल्या ३ वह्या आणायच्या. समजा, दुसरीच्या मुलाने ५२ − २७ = ३५ लिहिलंय. हा निष्काळजीपणा नव्हे. सातातून दोन, पाचातून दोन, असं तो मोठ्यातून लहान वजा करतोय. दशकाची मोळी सोडून १२ काड्या करायला लावा, चूक त्याची त्यालाच दिसेल. हीच चूक चौथीतही निघाली, तर दुसरीच्या बाईंना बोल लावायचा नाही. दोघींनी मिळून पुढच्या आठवड्याचा सराव ठरवायचा.

हे फसतं ते एकाच कारणाने. मुख्याध्यापकांनी त्या वह्यांवर शेरा मारला की पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या वह्या स्वच्छ! म्हणून चुका असलेली पहिली वही मुख्याध्यापकांनी स्वतःच्या तासाची आणावी.

शाळा व्यवस्थापन समितीचंही तसंच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, पण त्यांच्यापुढे येतं फक्त ठरावाचं रजिस्टर, सहीपुरतं. एकदा या वह्या ठेवा की समोर.