किती घेता, हे खरं सांगितलं तेव्हा

दारू मी दोनदा स्वतःच्या हिमतीवर सोडली आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी पुन्हा घेतली. कप बशीवर वाजायचा इतका हात थरथरायचा. दरदरून घाम, मळमळ, छातीत धडधड. दोन घोट पोटात गेले की सगळं शांत. माझ्यात निर्धारच नाही, असं घरच्यांना वाटायचं. मलाही तेच वाटायचं.

तिसऱ्या खेपेला बायको मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. "रोज किती घेता?" मी म्हटलं, "दोन पेग." ती खाली मान घालून बसली होती, तशीच म्हणाली, "डॉक्टर, अर्धी बाटली. आणि हल्ली सकाळीही लागते." मला तिचा भयंकर राग आला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गोळ्यांचा डोस मी या आकड्यावरून ठरवतो. तुम्ही कमी सांगितलंत तर औषध कमी पडेल आणि फिट येऊ शकेल. माणसं यात दगावतात." मग त्यांनी समजावलं. दारू मेंदूला मंद करते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःला सतत ताणून जागा ठेवायला शिकतो. दारू एकदम बंद झाली की मंद करणारं काही उरत नाही, ताण मात्र तसाच राहतो. थरथर सुरू होते ती त्यामुळे, बहुधा 6 ते 24 तासांत. फिटचा धोका साधारण पहिले 48 तास. काहींना त्यानंतर भ्रम होतो, त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी घरी तो जुगार खेळलो नसतो.

आठवडाभर दाखल होतो. आल्या आल्या बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. सतत पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी झालेलं असतं आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सिस्टर दर काही तासांनी यायच्या, हात पुढे करून बोटं फाकवायला लावायच्या, घाम बघायच्या. दुसऱ्या रात्री मला चादरीवर मुंग्या दिसल्या. सिस्टरनी वाद घातला नाही. दिवा लावला, चादर झटकली आणि विचारलं, "आज वार कोणता?" मला सांगता आला नाही. लगेच डॉक्टरांना बोलावून डोस वाढवला. चौथ्या रात्री झोप लागली, मग गोळ्या हळूहळू उतरवत आणल्या. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. या टप्प्यावर दारू थांबली तर ती बहुतेकदा ओसरते, सिरोसिसपर्यंत, म्हणजे यकृतात व्रण पडून ते कडक होण्यापर्यंत गेल्यावर तसं होत नाही.

सगळ्यात जड गेलं ते घरच्यांबरोबरचं समुपदेशन. मुलगी म्हणाली, "बाबा, कुलपात किल्ली कशी फिरते त्यावरून मला कळायचं, आज जेवायला बाहेर यायचं की खोलीतच थांबायचं." बारा वर्षांची पोर. मी पिऊन कुणाला मारलं नाही, हे मी आजवर अभिमानाने सांगायचो. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

तीन महिन्यांनी एका लग्नात मी घेतली. घरी कुणालाच कळलं नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. बायको शेजारीच होती. मी म्हटलं, "तीन पेग. गेल्या रविवारी." त्यांनी कागदावर तारीख लिहिली आणि पुढची भेट महिन्याऐवजी आठवड्यावर आणली.