डावा आणि उजवा एकच निघाले!

मंडळी, जुळलं एकदाचं! केनियातल्या मसाई मारामध्ये, नदीच्या पश्चिमेकडच्या मारा ट्रँगल भागातला 'डावा' आणि पलीकडच्या तालेक नदीकाठचा 'उजवा' हा एकच नर सिंह आहे. मध्ये अख्खी मारा नदी आहे, तरीही.

गाडं कुठे अडलं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. डाव्याचे सगळे फोटो डाव्या बाजूचे आणि उजव्याचे सगळे उजव्या. मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांवरून सिंह ओळखायची पेनीक्विक-रुडनाई पद्धत १९७० पासून चालत आलेली, पण ती इथे हात टेकते. मिशांच्या वरच्या पूर्ण ओळीच्या डोक्यावर जे सुटे ठिपके असतात, त्यांची जागा दोन्ही बाजूंना वेगवेगळी असते. एका बाजूवरून दुसरीचा अंदाज करताच येत नाही. उजव्याच्या कानाला खाच आहे, डाव्याच्या नव्हती. पण खाच कुठल्याही मारामारीत पडू शकते. आयाळ वयाबरोबर गडद होते, तिच्यावर विसंबायचं कसं? माऱ्यातल्या स्कारफेस या प्रसिद्ध सिंहाचा उजव्या डोळ्यावरचा व्रण लांबून पाहणाऱ्यालाही पुरायचा. इतर नरांच्या बाबतीत एवढं सोपं नसतं.

त्यात माश्या. शिकार खाऊन पडलेल्या सिंहाच्या तोंडावर त्या नेमक्या मिशांच्या रांगेत बसतात आणि फोटोत हुबेहूब ठिपक्यासारख्या दिसतात. उजव्याच्या एका उत्तम फ्रेममध्ये वर तीन सुटे ठिपके दिसत होते, तर पुढच्याच फ्रेममध्ये दोन. म्हणून आता मी एकट्या फ्रेमवर ठिपक्यांचा तक्ता भरतच नाही. सलग फ्रेम घ्यायच्या, ट्रेसिंग पेपरवर एकीवर दुसरी ठेवायची. जे सरकलं ती माशी, जे राहिलं तो ठिपका. चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण अर्धवट वळलेल्या चेहऱ्याला अजून ट्रेसिंग पेपरला तोड नाही, हे माझं ठाम मत.

खरी मदत झाली ती ओळखीच्या एका मसाई गाइडची. उजवा त्यांच्या गाडीसमोरून रस्ता ओलांडत होता. चालता चालता त्याने मान वळवली आणि दोन्ही बाजू एकाच व्हिडिओत आल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या क्लिपमध्ये ठिपके पार विरघळले होते. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवली, एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले आणि डाव्या बाजूला ते दिसलं: ओळीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिपक्यांच्या मधोमध एक सुटा, पाचव्याच्या बरोबर वर दुसरा. डाव्याच्या तक्त्यात अगदी हेच आहे! नाकही साथ देतंय. डाव्याच्या जुन्या फोटोंत ते बरंचसं गुलाबी होतं, आता निम्म्याहून जास्त काळं आहे. सेरेंगेटीतल्या अभ्यासानुसार पाच वर्षांच्या आसपास नाक साधारण निम्मं काळं होतं, म्हणजे ऐन उमेदीतला नर.

याचा सगळ्यात मोठा दिलासा छाव्यांबद्दल. नवे नर आले की नऊएक महिन्यांच्या आतले छावे सहसा वाचत नाहीत, म्हणून उजवा तालेककडच्या छावेवाल्या माद्यांजवळ पहिल्यांदा दिसला तेव्हा जीव नुसता टांगणीला लागला होता. छावे आता चारएक महिन्यांचे. गर्भकाळ सुमारे ११० दिवसांचा, म्हणजे मीलन साताठ महिन्यांपूर्वीचं. डाव्याची ट्रँगलमधली शेवटची नोंद त्याच्याही आधीची आहे! तो त्यांचा बाप असू शकतो. छावे त्याच्या अंगावर चढतात, शेपटीचा गोंडा चावतात आणि तो नुसती मान फिरवतो, हे आता वेगळ्याच नजरेने पाहायला मिळेल.

राहिला त्याच्याबरोबर फिरणारा दुसरा नर, त्याचा जोडीदार. तो भाऊच असणार असं धरून चालू नका. चार किंवा जास्त नरांची टोळी बहुधा नात्यातली असते, पण जोडीत परके नरही एकत्र येतात, हे सेरेंगेटीतल्या डीएनए तपासणीतून पुढे आलंय. त्याची एकही बाजू धड मिळालेली नाही. तो कायम क्रोटनच्या झुडपात, आणि रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून गाडी घालता येत नाही. ते योग्यच आहे.

पुढच्या फेरीत मुसियारा दलदलीकडे जाऊन तिथल्या 'मार्श प्राइड' या सिंहांच्या कळपाची यादी नव्याने करायची ठरली होती. ते आता मागे ठेवते. मारा नदीवरच्या पुरुंगाटच्या पुलावरून ट्रँगलमध्ये उतरायचं, डाव्याच्या जुन्या जागा पुन्हा पाहायच्या. लिहिता लिहिता आणखी एक सुचलं: जानेवारी-फेब्रुवारीत नदीचं पाणी उतरतं. डावा तिकडून गायब झाला तो त्याच सुमारास का, हे नोंदींच्या तारखा लावून आजच तपासते. तसं असेल तर त्याच महिन्यांत दिसेनासे झालेले ट्रँगलचे बाकीचे नरही तालेकच्या फाइलशी ताडून पाहायला हवेत, जोडीदार कदाचित त्यांतच सापडेल.

कॅमेरा टेकवायची बीनबॅग या वेळी तांदळाऐवजी राजम्याने भरलीय. खिडकीवर घट्ट बसते, लेन्स डगमगत नाही. इंजिन मात्र बंदच हवं.

कुणाकडे ट्रँगलमधल्या दोन नरांचे एकत्र फोटो असतील तर मूळ फाइल पाठवा, सलग फ्रेमसकट. पुसट असले तरी चालतील.