तेलाच्या पिप्यावर तारीख आणि कोलेस्टेरॉलची गोळी

लिपिड प्रोफाइलचा (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा) कागद हातात आला की सगळ्यांची नजर आधी 'टोटल'वर जाते. त्या एका आकड्यावरून औषध ठरत नाही. समजा टोटल कोलेस्टेरॉल २४२, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३८ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१० आहे. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागा, ४२ येतात. टोटलमधून ३८ आणि ४२ वजा करा: एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६२. तालुक्याच्या बहुतेक लॅबमध्ये एलडीएल मोजलेलं नसतं, असंच वजाबाकीने काढलेलं असतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित चुकतं. तेव्हा 'डायरेक्ट एलडीएल' सांगून करून घ्यावं लागतं. टोटलमधून नुसतं एचडीएल वजा केलं तर नॉन-एचडीएल मिळतं, इथे २०४. साखरेच्या रुग्णाने हा आकडा जरूर पाहावा.

आता मुख्य मुद्दा. हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींनी हलतात. एलडीएल हलतं ते साय, तूप, पाम तेल कमी केल्याने आणि गोळीने. ट्रायग्लिसराइड हलतं ते दारू, साखर, भाताचा ढीग आणि पोट कमी केल्याने. एचडीएल थोडंफार वर येतं ते बिडी सोडून चालायला लागल्याने. ते वाढवणारी गोळी घेऊन हार्ट अटॅक टळतो, असं काही सिद्ध झालेलं नाही. गावात फसगत होते ती इथेच. एलडीएल १९० असलेला माणूस सहा महिने नुसता चालतो, आणि मोहाची दारू रोज घेणारा ट्रायग्लिसराइडसाठी अंड्याचा बलक काढून टाकतो. दोघांचेही आकडे जागचे हलत नाहीत.

तपासणीआधी एवढं पाळा: १० ते १२ तास उपाशी (पाणी चालतं), आदल्या रात्री लग्नाची पंगत नको, दोन-तीन दिवस दारू नको. नुकता मोठा ताप येऊन गेला असेल तर महिनाभर थांबा, आजारपणात एलडीएल खोटंच खाली दिसतं. पहिल्या वेळी टीएसएच (थायरॉइड), साखर, एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंड) करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेच चढतं, आणि थायरॉइडची गोळी सुरू झाली की पुष्कळदा आपोआप उतरतं.

तेल मोजायचं कसं

'आम्ही तेल कमीच खातो' हे प्रत्येक घरात ऐकू येतं. ते खरं की खोटं हे पिपा सांगतो. नवा १५ लिटरचा पिपा फोडला की त्यावर खडूने तारीख घाला. १५ लिटर म्हणजे सुमारे १३ किलो ७०० ग्रॅम. चार माणसांना रोज २० ग्रॅमप्रमाणे दिवसाला ८० ग्रॅम लागतील, म्हणजे पिपा साडेपाच महिने पुरायला हवा. तो दोन महिन्यांत संपला तर माणशी रोज ५७ ग्रॅम तेल पोटात जातंय. वेगळा हिशेब ठेवायची गरज नाही.

जातं कुठे? गोळाभातावर पळीने ओतलेल्या गरम फोडणीत, पातोडीच्या रश्श्यात, सावजीच्या तर्रीत. रस्सा निवू द्या, तर्री वर येते, ती वाटीत काढून घ्या. चव मसाल्यात राहते, तेल वाटीत दिसतं. ती वाटी एकदा घरच्यांना दाखवाच. मात्र तिचं तेल दुसऱ्या दिवशीच्या भाजीत घातलं तर हिशेब पुन्हा तिथेच.

कोणतं तेल, यावर वाद फार होतात. फल्ली, करडई, सोयाबीन, तीळ यांपैकी कोणतंही चालेल, आलटून-पालटून वापरा. टाळायचं ते पाम तेल (त्यात जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, असते) आणि वनस्पती तूप. बाजारच्या दिवशी घेतलेलं फरसाण आणि कचोरी बहुधा यातच तळलेली असते. पाकिटावरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री' या शब्दांवर जाऊ नका. झाडापासून निघालेल्या कोणत्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं, पामच्याही नाही.

तेलापेक्षा दुधाबद्दल कमी बोललं जातं. म्हशीच्या दुधात साधारण साडेसहा टक्के चरबी. अर्धा लिटर दूध सायीसकट पोटात गेलं तर ३२-३३ ग्रॅम चरबी, त्यातली २० ग्रॅमच्या आसपास संपृक्त. एलडीएल वाढलेल्या माणसाची संपृक्त चरबीची दिवसाची मर्यादा धरा १५ ग्रॅम. दूध तापवून, पूर्ण निववून साय काढा, पुन्हा तापवून पुन्हा काढा. तूप मग पुरणपोळीपुरतं, तेही चमच्याने. एका छोट्या चमच्यात ३ ग्रॅम संपृक्त चरबी असते.

काय वाढवायचं

विदर्भात जवस पिकतं आणि शेजारी ओट्सची पाकिटं विकत घेतली जातात, हे काही डोक्यात शिरत नाही. पाव किलो जवस लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा. तडतड सुरू झाली की सतत हलवा. ती मंदावली की लगेच उतरवा, काळं पडलं की कडू होतं. निवल्यावर लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून वाटा. रोज दोन मोठे चमचे भाकरीसोबत. दोन चुका नेहमी होतात. एक, अख्खं जवस खाणं: ते जसंच्या तसं बाहेर पडतं. दुसरी, महिन्याची चटणी एकदम करणं: वाटलेलं जवस लवकर खवट होतं, आठवड्यापुरतंच वाटा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एलडीएल उतरवण्याचं हे काम जवसाच्या तेलाने होत नाही, कारण विरघळणारा चोथा (फायबर) चटणीत राहतो, तेलात येत नाही.

हाच चोथा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं, म्हणून एलडीएल उतरतं. बरबटी (चवळी), हरभरा, तुरीचे सोले, गवार, भेंडी यांत तो असतो. संत्र्याचा रस काढू नका, फोडी पांढऱ्या रेषांसकट खा. इसबगोल रोज १० ग्रॅम, दोन वेळा विभागून, मोठा ग्लासभर पाण्यासोबत आणि लगेच पिऊन टाकायचं. पाणी कमी पडलं तर घशात अडकतं, पोटही बांधून जातं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

एवढं सगळं नीट पाळलं तर एलडीएल १० ते १५ टक्के उतरतं. १४० चं १२० होईल. १९० चं १०० होणार नाही, कारण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीर ते स्वतःच तयार करतं.

'वावरात राबतो न मी'

चालायला सांगितलं की हे उत्तर ठरलेलं. पेरणी, डवरणी, कापूस वेचणी या दिवसांत ते बरंचसं खरंही आहे. पण वावरात आता मोटरसायकलने जातात, फवारणीचा पंप बॅटरीचा झाला, आणि फाल्गुनापासून मृगापर्यंत कोरडवाहूवाल्याला काम थोडं. वाकून कापूस वेचल्याने कंबर दुखते. धाप लागेल असा वेग त्यात नसतो. हवं ते असं: आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. उन्हाळ्यात सहाच्या आत निघा. चालताना छातीत दाटून येत असेल, थांबल्यावर बरं वाटत असेल, तर चालणं वाढवू नका, आधी ईसीजी. चालण्याने ट्रायग्लिसराइड चांगलं उतरतं, एलडीएल फारसं नाही.

खर्ऱ्यात (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणात) धूर नाही म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. निकोटीनने नाडी आणि बीपी दोन्ही चढतात. गोळी वेळेवर आणि खर्राही वेळेवर, हा सौदा तोट्याचाच.

गोळी

एलडीएल १९० किंवा वर असेल, हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेला असेल, किंवा वय चाळीसच्या पुढे आणि साखर असेल, तर 'आधी पथ्य करून पाहतो' म्हणून थांबू नये. बाकीच्यांना डॉक्टर वय, बीपी, तंबाखू पाहून तीन महिने पथ्याला देऊ शकतात.

स्टॅटिन गटातली ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन, बहुधा दोहोंपैकी एक मिळते. ती यकृतातलं उत्पादन रोखते. मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ३५ टक्के उतरतं. डोस दुप्पट केला की दुप्पट उतरत नाही, आणखी जेमतेम ६ टक्के. म्हणून पुढची पायरी कित्येकदा इझेटिमाइब (कोलेस्टेरॉल उतरवणारं वेगळं औषध) १० मिलिग्रॅम जोडण्याची असते. या दोन्ही स्टॅटिन सकाळी की रात्री, फरक पडत नाही. विसरणार नाही ती वेळ धरा. जनऔषधी केंद्रात हीच औषधं स्वस्तात मिळतात.

पट्टीचा रंग पाहून गोळी घेऊ नका, नाव वाचा. एकाच कॅप्सूलमध्ये स्टॅटिनसोबत ॲस्पिरिन घातलेली औषधं बाजारात खूप आहेत. शेजाऱ्याला अटॅकनंतर दिलेली तशी कॅप्सूल 'कोलेस्टेरॉलचीच तर आहे' म्हणून घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. अटॅक होऊन गेलेल्याचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, नुसती साखर असलेल्याचं निदान १०० च्या खाली. आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते: रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद. तो नॉर्मल गोळीमुळेच आला होता. बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी येतो, आणि दुखत काहीच नसल्यामुळे कळतही नाही. लसणाचं पाणी सुरू केलं म्हणून गोळी सोडणं हाही त्यातलाच प्रकार.

अंगदुखीचं काय? स्टॅटिनची दुखण दोन्ही मांड्यांत किंवा दोन्ही खांद्यांत, स्नायूंत असते आणि बहुधा पहिल्या काही महिन्यांत येते. एकच गुडघा दुखतोय तर दोष गोळीला देऊ नका. सीपीके (स्नायूंची रक्ततपासणी) तपासायला सांगितलं तर वेचणीच्या किंवा पोती उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका, कष्टानेही तो आकडा चढतो. दोन-तीन दिवस आराम करून मग द्या. लघवी चहासारखी काळपट झाली आणि स्नायू गळून गेले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. मे महिन्यात पाणी कमी पिऊनही लघवी गडद होते, पण ती पाणी पोटात गेलं की साफ होते. छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर स्टॅटिन चालू असल्याचं आधी सांगा. पोट राहायचं असेल किंवा राहिलं असेल तर बाईने ही गोळी घेऊ नये, डॉक्टरांना लगेच कळवावं.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर गोष्ट वेगळी. तिथे भीती स्वादुपिंडाला सूज येण्याची. दारू त्याच दिवशी बंद, तेल-तूप जवळजवळ बंद, आणि ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या फेनोफायब्रेटचा निर्णय डॉक्टरांचा.

तरुण वयात एलडीएल १९० च्या पुढे, पापण्यांवर पिवळे चट्टे, टाचेमागची धोंडशीर जाड झालेली, घरात पन्नाशीआधी कुणी अचानक गेलेलं, असं काही जुळत असेल तर दोष रक्ताच्या नात्यातून आलेला असण्याची शक्यता मोठी. मग प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. सख्ख्या भावा-बहिणींचं आणि दहा वर्षांच्या आसपासच्या पोरांचंही एकदा रक्त तपासून घ्या, पोरगं कितीही लुकडं असलं तरी.