पणजी–पोळें–पणजी: २०० किमीची ब्रेव्हे आणि घरच्यांची सहल

करमल घाट दोन्ही बाजूंनी चढून झाला, कार्डावर सगळे शिक्के पडले आणि या मोसमातली २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, पूर्ण झाली. वेळ १२ तास १० मिनिटं. पण या वेळच्या नोंदीत सायकलीइतकीच जागा घरच्यांना द्यायची आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची, त्यातही बायकांची, अडचण सारखीच असते: रविवार एकच, आणि त्या दिवशी आपण पहाटेपासून अंधार पडेपर्यंत घराबाहेर. त्यावर आम्हाला एक चांगला तोडगा सापडला आहे.

तो सापडला ब्रेव्हेच्या नियमातच. बीआरएममध्ये, म्हणजे या प्रकारच्या ब्रेव्हेत, वाटेत बाहेरची मदत चालत नाही. मागेपुढे गाडी ठेवता येत नाही, खिडकीतून बाटलीसुद्धा घेता येत नाही. घरच्यांची मदत घ्यायची ती फक्त कंट्रोलवर, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या ठरलेल्या ठिकाणी. मला हा नियम मनापासून आवडतो. तो नसता तर नवऱ्याने बारा तास पहिल्या गिअरमध्ये माझ्यामागे गाडी हाकली असती आणि मुलं मागच्या सीटवर कंटाळून गेली असती. नियम आहे म्हणून घरच्यांचा दिवस त्यांचा त्यांना मोकळा मिळतो. आम्ही भेटतो ते कंट्रोलला.

आखणी लेकीने केली. ती तेरा वर्षांची आहे आणि भागाकार पक्के आहेत. २०० च्या ब्रेव्हेत कंट्रोल उघडतो ताशी ३४ किमीच्या हिशोबाने आणि बंद होतो ताशी १५ च्या. म्हणजे सहाला सुटलं तर १०० किमीवरचं, कर्नाटकच्या सीमेजवळचं पोळें ८:५६ ला उघडणार, १२:४० ला बंद. शेवटाची मुदत मात्र वेगळी ठरलेली असते, साडेतेरा तास, म्हणजे संध्याकाळी साडेसात. तिने हे सगळं वहीच्या पानावर लिहून डॅशबोर्डला चिकटवलं. त्याच्या शेजारी माझी अंदाजे वेळ आणि तिसऱ्या रकान्यात ‘आपण तेव्हा कुठे’.

आता रस्ता. पणजीहून अंधारात निघालो, रिफ्लेक्टिव्ह जाकीट आणि दिवे लावून. बांबोळीचा चढ पाय गरम व्हायच्या आत येतो, तिथे कोणाशीही चढाओढ करायची नाही. झुआरीच्या नव्या पुलावर उजाडायला लागलं होतं. कुठ्ठाळीनंतर वेर्ण्याचं पठार गाठेपर्यंत पुन्हा चढ. त्यानंतर मडगाव, नावेली, चिंचोणे, कुंकळ्ळी असा वस्तीचा पट्टा, तो गर्दी वाढायच्या आत मागे टाकायचा. आम्ही पाच जणांची ओळ धरली होती. पुढचा ‘खड्डा!’ म्हणून ओरडायचा, हात खाली करून दाखवायचा, आणि ती हाक शेवटच्यापर्यंत पोचायची. दर दोन-तीन किलोमीटरला पुढचा, म्हणजे सगळ्यांसाठी वारा अंगावर घेणारा, बाजूला होऊन मागे यायचा. एकटीने हाच रस्ता केला असता तर बाळ्ळीला पोचेपर्यंत निम्मा दम संपला असता.

बाळ्ळी सोडली की खरी मजा सुरू होते. करमल घाट फार उंच नाही, पण वळणावळणाचा आहे, दोन्ही बाजूंना दाट झाडी, आणि ट्रक वळणावर अख्खा रस्ता व्यापतात. तिथे ओळ मोडायची आणि प्रत्येकाने आपापल्या गतीने चढायचं. मी मागच्या चाकाच्या ३४ दातांच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर, सीटवरून न उठता चढले. उभं राहून पेडल मारायचा मोह होतो, पण याच घाटातून परत यायचंय हे गुडघ्यांना सांगत राहावं लागतं. नवा ११-३४ कॅसेट (११ ते ३४ दातांच्या चकत्यांचा संच) बसवल्याचा फायदा इथे स्पष्ट दिसला.

इकडे घरची मंडळी मडगावात पातळ भाजी आणि पाव खाऊन बेतूलवरून किनाऱ्याच्या रस्त्याने निघाली होती. हायवे मुद्दाम टाळला, म्हणजे माझ्या आजूबाजूला राहण्याचा प्रश्नच नको. काब द रामचा किल्ला, मग खोला, मग आगोंद. सासूबाईंनी खोल्याची सुकी मिरची घेतली. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली मिरची गावातच घ्यायची हे त्यांचं कधीचं ठरलेलं होतं. काणकोणच्या चावडी गावापासून पुढे रस्ता एकच, तेव्हा मला ओलांडताना मुलांनी काचेतून नुसता हात हलवला आणि गाडी न थांबता निघून गेली.

लोलयेंचा चढ उन्हात भाजून काढतो. पोळेंला पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. सासूबाई थर्मास उघडूनच बसल्या होत्या. “आधी जेव गो, मग त्या शिक्क्याचं बघ.” “आई, शिक्का आधी. वेळ त्यावर पडते.” शिक्का मारून आले आणि उकड्या तांदळाची कोमट पेज प्यायले, मीठ घालून, सोबत खारातली कैरी. शंभर किलोमीटर चिक्की आणि गोड जेल खाल्ल्यावर तोंड गोडाला विटतं, घामावाटे मीठ गेलेलं असतं, आणि पेजेत पाणी, मीठ, भात सगळंच एका वाटीत मिळतं. ओळीतल्या बाकीच्यांनाही दिली. कंट्रोलवर असल्यामुळे नियमातही बसलं. पंचवीस मिनिटं थांबले, एवढा थांबा मी आधीच हिशोबात धरला होता.

परतीला वारा. हिवाळ्यात सकाळी तो जमिनीवरून येतो, दुपारी फिरून समुद्राकडून वायव्येचा होतो, आणि आपण उत्तरेला तोंड करून चाललेले. घाट उतरल्यावर एकाचं मागचं चाक बसू लागलं. बाहेरून टायर चांगला दिसत होता. हातमोजा काढून आतून बोट फिरवलं तेव्हा टोचलं: ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाइतकी बारीक तार, रबरात तिरकी घुसलेली, बाहेर जेमतेम एक मिलिमीटर. नखात सापडेना. नेलकटरने चिमटीत धरून ओढली. ती न काढता नुसती ट्यूब बदलली असती तर कुंकळ्ळीपर्यंत दुसरीही गेली असती. नेलकटर पिशवीत ठेवाच, वजन नगण्य.

तेवढ्या वेळात मुलं गालजीबागेला होती. ऑलिव्ह रिडले कासवं जिथे अंडी घालतात तो किनारा, घरट्यांभोवती कुंपण करून राखलेला. धाकट्याने वनखात्याच्या माणसाला इतके प्रश्न विचारले की रात्री तो माझी राइड ऐकायच्या ऐवजी मलाच कासवांबद्दल सांगत होता. तिथून पर्तगाळचा मठ, मग श्रीस्थळला मल्लिकार्जुन. सासूबाईंचं दर्शन निवांत झालं. पणजीत मी शेवटचा शिक्का घेतला तेव्हा त्या गाडीत झोपल्या होत्या आणि लेक वहीच्या पानावर माझी खरी वेळ लिहीत होती. तिच्या अंदाजापेक्षा वीस मिनिटं जास्त. वारा तिने धरला नव्हता, पुढच्या वेळी धरणार आहे.

आता ३००. वीस तास, म्हणजे रात्र आलीच. कुडाळच्या बाजूचा रस्ता असेल तर घरच्यांचा मुक्काम मालवणला, असं ठरतंय. त्याआधी दिव्यांची परीक्षा घ्यायची आहे. येत्या शनिवारी फोंडा–धारबांदोडा रस्त्यावर दोन्ही दिवे सलग जाळून बॅटरी किती टिकते ते बघणार आहे. कोणाला यायचं असेल तर संध्याकाळी साडेसातला फर्मागुढीला या, मागचा लाल दिवा आणि जाकीट घेऊन.