सात दिवसांचं मलम

त्या बाई आल्या होत्या चष्म्याचा नंबर तपासायला. वय अडतीस, काम मुद्रितशोधनाचं, दिवसाचे आठ-नऊ तास बारीक अक्षरांत जाणारे. "चाळिशी दोन वर्षं आधीच आली वाटतं," म्हणत खुर्चीत बसल्या. नंबर पाहिला, तर फरक नावापुरता. चष्म्याची तक्रार म्हणून इथेच सगळं संपलं असतं. पण डोळ्याचा दाब मोजल्याशिवाय मी कुणाला उठू देत नाही, म्हणून बधिर करणारा थेंब टाकला आणि निळ्या प्रकाशात यंत्र बुबुळाला टेकवलं.

उजवा ३४. डावा ३०.

साधारण १० ते २१ हा दाब ठीक मानतात. यंत्र पुसून, पापणीवर आपल्याच बोटांचा भार पडत नाही ना याची खात्री करून पुन्हा मोजला. ३३ आणि ३०. बाईंना काहीच त्रास नव्हता. दुखणं नाही, धूसर दिसणं नाही. असा हळूहळू चढलेला दाब माणसाला कळत नाही, आणि म्हणूनच तो मला घाबरवतो.

घरात कुणाला काचबिंदू? नाही. दम्याचा पंप, नाकातला फवारा, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, कुठल्याही रूपात स्टिरॉइड? नाही. विचारता विचारता मी स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा, प्रकाश बुबुळावरून सरकवून पापणीवर आणला आणि तिथेच थांबलो. कातडी जुन्या कागदासारखी चुरगळलेली, चकाकणारी, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसाव्यात इतकी विरलेली. बाहेरच्या कोपऱ्यात चीर. भुवयांची टोकं चोळून चोळून विरळ झालेली.

"पापण्यांना काही लावता का?"

"तुम्ही दिलेलं मलमच की," त्या म्हणाल्या. "त्याच्यावरच तर तगून आहे मी."

पिशवीतून ट्यूब निघाली, खालून घड्या घालत वर आणलेली. तिच्यासोबत प्लास्टिकच्या पाकिटात जपलेली चिठ्ठी. अक्षर माझं, तारीख अकरा महिन्यांपूर्वीची. 'खाज असेल तेव्हा, दिवसातून दोनदा, पापणीवर पातळ थर.' ट्यूब संपली की हीच चिठ्ठी दाखवून त्या नवी घेत. ही बारावी की तेरावी, ते त्यांना आठवत नव्हतं.

मी त्यांची जुनी नोंद काढली. त्या वेळी डोळे लाल, पाणी, शिंका, दोन्ही पापण्या सुजलेल्या आणि खाज इतकी की बोलता बोलता हात डोळ्यांकडे जात होता. ॲलर्जीचे थेंब दिले होते. पापण्यांची कातडी फुटायला आली होती म्हणून जोडीला स्टिरॉइड आणि नियोमायसिन हे प्रतिजैविक असलेलं मलम. माझ्या नोंदीत स्पष्ट होतं, 'मलम ७ दिवस.' चिठ्ठीवर नव्हतं. तोंडी सांगितलं असेलच, मी नेहमी सांगतो. पण डोळे चोळत, पाणी पुसत बसलेल्या माणसाला तोंडी सांगितलेलं किती लक्षात राहणार?

त्यांच्यापासून हे लपवण्यात अर्थ नव्हता. मी नोंद त्यांच्यासमोर ठेवली. सात दिवसांचा उल्लेख इथे आहे आणि तुमच्या चिठ्ठीवर मी तो लिहिलेला नाही, असं सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, ओळ न् ओळ. मग म्हणाल्या, "म्हणजे मूळ प्रतीतच सुटलं होतं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, अर्धा मिलिमीटरच्या आसपास. तिच्याखाली चरबीची गादी जवळपास नाहीच. म्हणून तळहाताला जे काही होत नाही ते पापणीला सहन होत नाही, आणि तिच्यावर लावलेलं औषध सहज आत शिरतं. शिवाय आपण पापणी मिटतो-उघडतो तेव्हा कडेचं मलम थोडं थोडं डोळ्यातही उतरतं. स्टिरॉइड असं महिनोन्‌महिने आत जात राहिलं की डोळ्यातलं पाणी बाहेर झिरपायची वाट अडते आणि दाब चढतो. सगळ्यांचाच चढत नाही. थेंबांच्या बाबतीत सुमारे एक तृतीयांश लोकांचा बऱ्यापैकी चढतो, थोड्यांचा फारच. कोण त्यातला हे आधी कपाळावर लिहिलेलं नसतं. दाब मोजूनच कळतं, आणि या बाई मधल्या काळात मोजायला आल्याच नव्हत्या, कारण मी बोलावलं नव्हतं.

त्याच दिवशी फील्ड टेस्ट केली, म्हणजे नजरेच्या आवाक्यात कुठे कमी दिसतं का ते पाहिलं. डावा डोळा स्वच्छ. उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला वरच्या भागात, एक लहान मंद डाग. दुसऱ्यांदा केली तरी तो तिथेच.

दाब उतरवायचे थेंब सुरू करताना नेहमीपेक्षा जास्त विचार करावा लागला. ब्रिमोनिडिन टाळलं, कारण त्याचीच ॲलर्जी काही महिन्यांनी पापण्यांवर उठलेली मी अनेकदा पाहिली आहे. दमा नाही, नाडी ठीक, हे पक्कं करून टिमोलॉल दिलं, तेही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं. बाटलीतले थेंब टिकावेत म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड चिडलेल्या पापण्यांना आणखी चिडवतं.

दाबाचं समजलं. पण अकरा महिने खाज का टिकली? त्या सांगत होत्या ते मी नीट ऐकलं तेव्हा मला खटकलं. मलम बंद केलं की दोन-तीन दिवसांत पापण्या पेटायच्या, लावलं की रात्रीतून निवायच्या. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष कुणीही काढला असता: मलम हाच उपाय. दोष बाकी सगळ्याला दिला होता. प्रसाधनं बंद, नेलपॉलिश बंद, शाम्पू तीनदा बदललेला, उशीचे अभ्रे दर चार दिवसांनी गरम पाण्यात. यातलं काहीच चुकीचं नव्हतं. नखांना लावलेल्या पॉलिशची ॲलर्जी नखांना सोडून पापण्यांवर उठते, कारण हात दिवसभर तिथे जातो. केसांच्या रंगाचंही तसंच. पण दिवसातून दोनदा जे थेट पापणीवरच जात होतं त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता. माझाही नव्हता, त्या दिवसापर्यंत.

नियोमायसिनचा शोध १९४९चा. स्वस्त आणि उपयोगी, म्हणून मलमांत फार घातलं गेलं, आणि त्याची ॲलर्जीही तितकीच दिसत गेली. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१० साली त्यालाच वर्षाचा ॲलर्जन ठरवलं होतं. ही ॲलर्जी परागकणांसारखी मिनिटांत उठत नाही. तिला एक-दोन दिवस लागतात, म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड डोक्यात बसत नाही. त्यात एकाच ट्यूबमध्ये एक औषध कातडीला भडकवणार आणि शेजारचं स्टिरॉइड तो भडका दाबणार. आग आणि पाणी एकत्र. ट्यूब बाजूला ठेवली की पाणी संपतं, आग उरते.

हा तोवर माझा अंदाज होता. नुसतं स्टिरॉइड सोडल्यावरही कातडी अशीच उसळते. खात्री पॅच टेस्टनेच, म्हणजे संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून पाहूनच, होणार होती, आणि ती पापण्या थोड्या शांत झाल्यावर. तोवर ट्यूब बंद. प्रतिजैविक बदलून टोब्रामायसिन किंवा जेंटामायसिन असलेलं काही देणंही धोक्याचं होतं, कारण ती औषधं नियोमायसिनच्याच कुळातली. एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्यालाही कातडी ओळखते.

मी त्यांना सांगितलं, "पुढचे दहा-बारा दिवस फार वाईट जातील." वाईट म्हणजे काय, तेही सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्या आल्या, शेजारिणीचा हात धरून. दोन्ही डोळे सुजून फट उरलेली, कातडी लालभडक, ओलसर. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एकदाच लावू द्या. नुसतं आजच्या रात्रीपुरतं."

माझ्या हातात पेन होतं. कमी ताकदीचं स्टिरॉइड तीन दिवस दिलं असतं तर पुस्तकी दृष्टीने चूक ठरलं नसतं. एरवी मी देतो. पण दाब अजून २८ होता आणि उजव्या डोळ्यातला डाग मी पाहिला होता. नाही म्हणालो. आजवर रुग्णाला अनेकदा नाही म्हटलंय, पण ज्या त्रासाची सुरुवात माझ्या चिठ्ठीने झाली त्यात नाही म्हणणं वेगळं होतं.

मग दवाखान्यातच गार पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाच्या घड्या केल्या आणि त्यांच्या डोळ्यांवर ठेवल्या. सात-आठ मिनिटं, मग नवी घडी. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि खाजेची जाणीव बोथट होते, हे मी हजार वेळा सांगितलं असेल. शेजारी बसून घडी बदलत राहायची वेळ पहिल्यांदाच आली. तिसऱ्या घडीला त्यांचे खांदे खाली आले.

तेव्हाच त्यांना चोळण्याबद्दल समजावलं. पापणीत मास्ट पेशी असतात, हिस्टामिनने भरलेल्या. चोळलं की त्या आणखी फुटतात, हिस्टामिन सांडतं, खाज वाढते, पुन्हा चोळावंसं वाटतं. क्षणभर मिळणारं सुख खरं असतं, म्हणून तर हात थांबत नाही. वर्षानुवर्षं जोरात चोळणाऱ्यांच्या बुबुळाचा आकारही बिघडू शकतो, विशेषतः मुलांचा. "चोळू नका" एवढंच सांगून कुणी थांबत नाही, हात कुठेतरी जायला हवा. मी त्यांना म्हटलं, हात उठला की तो गार कापडाकडे जाऊ द्या. फ्रीजमध्ये भिजवलेल्या घड्या डब्यात ठेवा, डोळ्यांत टाकायचे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूथेंबही तिथेच ठेवा. नखं अगदी मुळापर्यंत कापा. रात्री झोपेत चोळलं जातं म्हणून त्यांनी स्वतःच सुती हातमोजे सुचवले.

पापण्यांना आता फक्त साधी पांढरी पेट्रोलियम जेली, आणि ओलसरपणा गेल्यावर टॅक्रोलिमसचं ०.०३ टक्क्यांचं मलम. त्यात स्टिरॉइड नाही, दाब चढवत नाही. पण पहिले काही दिवस लावल्यावर झोंबतं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्याच दिवशी 'हेही सोसत नाही' म्हणून ट्यूब फेकतो. या वेळी मी सगळं लिहून दिलं: किती वेळा, किती दिवस, कुठल्या तारखेला दाखवायचं, झोंबलं तर किती झोंबणं चालेल.

बाराव्या दिवशी सूज उतरली. चौथ्या आठवड्यात माझ्या त्वचारोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनी पॅच टेस्ट लावली. पाठीवर रांगेने छोट्या चकत्या, प्रत्येकीत एक संशयित. ४८ तास पाठ कोरडी, आंघोळीला सुट्टी. काढल्यावर पहिली पाहणी, स्वच्छ. चौथ्या दिवशी एका चौकोनात किंचित गुलाबी झाक, छातीठोकपणे सांगता येईना. नियोमायसिन कधी कधी उशिरा बोलतं, म्हणून सातव्या दिवशी पुन्हा बोलावलं. मीही गेलो होतो. त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. बाकीची पाठ कोरी, आणि त्या एका चौकोनात लाल, टचटचीत, बारीक फोड आलेली जागा. करंगळीच्या नखाहून थोडी मोठी.

सहकाऱ्यांनी आरसा धरून त्यांना दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "एवढीशी?" एवढंच म्हणाल्या.

दाब सहाव्या आठवड्यात १९ आणि १८ वर आला. टिमोलॉल थांबवल्यावर दहाव्या आठवड्यातही १८ आणि १७ राहिला. पापण्यांची विरलेली कातडी हळूहळू भरते आहे. उजव्या डोळ्यातला डाग आहे तिथेच आहे. तो वाढलेला नाही, जाणारही नाही. कामात अडत नाही असं त्या सांगतात. मी दर तीन महिन्यांनी फील्ड टेस्ट करतो.

मूळची ॲलर्जी, शिंका आणि पाण्याची, ती आहेच. परवा त्या तिच्यासाठी आल्या होत्या. ओलोपॅटॅडिनचे थेंब लिहिले आणि चिठ्ठी त्यांच्याकडे दिली. त्या उठल्या नाहीत. पेनाचं टोक अक्षरांखालून फिरवत त्यांनी ती सगळी वाचली आणि दोन शब्दांपाशी थांबल्या.

"'गरज पडल्यास' म्हणजे नेमकं कधी?"

मी चिठ्ठी परत घेतली, ते दोन शब्द खोडले आणि लिहिलं: डोळ्यांत खाज सुरू होईल त्या दिवसापासून, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब; चार आठवड्यांनी दाखवून मगच पुढे.

त्यांनी पुन्हा वाचलं, घडी घातली आणि पाकिटात ठेवली.