पंचमीची बोट

अलिबागला जायचं म्हटलं की घरातले रविवार शोधतात, मी तिथी शोधते. गेटवेहून बोटीने तासाभरात मांडवा, पुढे बसने अलिबाग. एवढ्याशा सहलीला पंचांग कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. पण अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात उभा आहे, चालत जायचं तर ओहोटी हवी, आणि समुद्राला रविवारची सुट्टी नसते.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मागेपुढे केले की ओहोटी. पौर्णिमेला उधाण असतं, पाणी पार मागे सरतं. पण ते पहाटे नाहीतर संध्याकाळी, परतीची बोट गाठायच्या वेळी. अष्टमीला ओहोटी ऐन बाराला मिळते, तर ती भांगाची, म्हणजे कमी चढउताराची. पाणी हटता हटत नाही, मग घोडागाडी करा. त्यापेक्षा पंचमी बरी. पावणेचारला भरती, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. सकाळची पहिली बोट धरली की ओल्या वाळूवरून चालत किल्ल्यात.

आणि चालतच जावं. तटाचे भलेमोठे चिरे तेव्हाच नीट दिसतात. मध्ये चुना नाही, नुसते एकावर एक रचलेले. लाटेचं पाणी फटींतून शिरतं, निघून जातं, तटावरचा मार हलका होतो. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतलेला आणि संभाजीराजांनी पुरा केलेला हा तट अजून उभा आहे. आमच्या सोसायटीची भिंत दर पावसाळ्यात गळते, ते असो. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याचं तळं.

किल्ल्यातून वेळेत बाहेर पडलं की गावात मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांची समाधी. त्यांच्या काळी या पाण्यातून गलबत न्यायचं तर आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, लागे. आपलं तिकिटावर भागतं. जाता जाता चुंबकीय वेधशाळाही बाहेरून बघायची. मुंबईत विजेच्या ट्राम आल्या तर नोंदी बिघडतील म्हणून 1904 मध्ये ती इथे आली.

सगळं जुळवून मी नवऱ्याला सांगितलं, पुढची पंचमी बुधवारी आहे.

"बुधवारी रजा कोण देणार? शनिवारी काय आहे?"

"अष्टमी."

"मग घोडागाडी करू."