गुडघेदुखीवर ॲक्युपंक्चर : माझा अनुभव

सुयांच्या आधी एक्स-रे, आणि तोही उभ्याने काढलेला. झोपवून काढलेल्या फिल्मवर सांध्यातली फट असते त्यापेक्षा मोठी दिसू शकते. अंगाचं वजन पडल्यावर ती किती उरते, हे खरं पाहायचं असतं. माझ्या रिपोर्टवर ‘ग्रेड दोन’ होतं, म्हणजे सुरुवातीची झीज. गुडघा गरम नव्हता, सुजत नव्हता, मध्येच अडकतही नव्हता. यातलं एक जरी असतं, किंवा सोबत ताप असता, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ आणि सुयांचा विचार नंतर, हा क्रम मी सोडला नसता.

झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं मऊ आवरण, सुयांनी परत येत नाही. कोणी येते म्हणालं तर तिथून उठावं. दुखणं मात्र बऱ्याच जणांचं कमी होतं, आणि ते का होतं यावर अजून भांडण आहे. जर्मनीत यावर मोठ्या चाचण्या झाल्या. गुडघ्याच्या चाचणीचा निकाल २००६ साली आला : ठरलेल्या बिंदूंवर टोचलेले रुग्ण आणि मुद्दाम भलत्या जागी वरवर टोचलेले रुग्ण, दोघेही नुसत्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या भेटींवर असलेल्यांपेक्षा बरे निघाले, एकमेकांत मात्र त्यांच्यात फारसा फरक नव्हता. २००७ पासून तिथला सार्वजनिक आरोग्य विमा जुनाट गुडघेदुखी आणि कंबरदुखीसाठी हा खर्च देतो. उलट उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असं सांगितलं. दोन्ही बाजू वाचून मी एवढंच ठरवलं की सुयांनी दुखणं जेवढं उतरेल, तेवढ्या काळात मांडीचे स्नायू बळकट करून घ्यायचे. नुसतं टोचून घेऊन घरी येण्यात पैसे घालवायचे नाहीत.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणीसाठी परिषद आहे. नोंदणी क्रमांक सरळ विचारावा. नीट काम करणारा माणूस त्यावर चिडत नाही. दुसरी तपासणी सुयांची. पाकीट आपल्यासमोर फाडलं पाहिजे, त्यावर निर्जंतुकीकरणाचा उल्लेख आणि मुदतीची तारीख हवी, आणि काढलेली सुई पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. काही ठिकाणी रुग्णाच्या नावाची बाटली असते. त्याच्याच सुया स्पिरिटमध्ये बुडवून पुन्हा वापरतात. स्पिरिटने सुई निर्जंतुक होत नाही, आणि बाटल्यांची अदलाबदल झाली तर हिपॅटायटिस बी घरी येऊ शकतो. (आपल्याकडे ही विद्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी आणली असं सर्रास सांगतात. ते १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते शस्त्रक्रिया करायला, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले.)

पहिल्या दिवशी न विचारताही सांगायच्या गोष्टी : रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झाली आहे का, पेसमेकर आहे का, गरोदरपण आहे का. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडायची नाही. गरोदरपणी हातावरचा एलआय-४ आणि घोट्याच्या वरचा एसपी-६ हे बिंदू टाळतात (टोचायच्या बिंदूंना अशीच अक्षर-आकड्यांची नावं असतात). रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. पातळ सुई, कमी खोली आणि काढल्यावर जास्त वेळ दाब, एवढ्याने बहुधा भागतं.

उपाशी जाऊ नये, भरपेटही नको. तास-दीड तास आधी पोहे किंवा पोळी-भाजी पुरते. पायजमा असा हवा की मांडीपर्यंत सहज वर सरकेल.

पाठीवर झोपवून गुडघ्याखाली लोड देतात. गुडघा थोडा वाकलेला असला की वाटीच्या खालचे दोन खळगे उघडे पडतात. त्यातला बाहेरचा एसटी-३५. तिथून चार बोटं खाली, नडगीच्या हाडाच्या बाहेरून एक बोट सरकलं की एसटी-३६. ही चार बोटं रुग्णाची धरतात, टोचणाऱ्याची नव्हे. माप ज्याच्या त्याच्या अंगाचं असतं. आतल्या बाजूला नडगीच्या हाडावरून बोट वर नेत गेलं की गुडघ्याखाली जिथे अडतं तो एसपी-९, आणि बाहेर नडगीशेजारच्या बारक्या हाडाच्या डोक्यापुढे-खाली जीबी-३४. माझ्यासाठी एवढे बिंदू आणि मांडीवरचा एसपी-१० असा संच होता.

सुई ०.२५ मिलिमीटर जाडीची, २५ किंवा ४० मिलिमीटर लांब. प्लॅस्टिकची नळी कातडीवर टेकवतात, सुई नळीपेक्षा जराशी वर आलेली असते. त्या टोकावर बोटाने टिचकी मारली की सुई कातडीतून आत जाते. मग नळी काढून हवी तेवढी खाली नेतात, एसटी-३६ वर साधारण इंचभर. टोचताना चुरचुर झाली तर बहुतेक वेळा कारण स्पिरिट असतं : ते वाळू दिलेलं नसतं. वाळायला अर्धं मिनिट पुरतं. सुई खोल गेल्यावर जड, दडपल्यासारखं, आतून ठणकल्यासारखं वाटतं. हेच हवं असतं. विजेसारखी कळ पायात गेली तर लगेच बोलावं, सुई मज्जातंतूला लागलेली असू शकते. थोडी मागे घेतली की कळ थांबते. वाटीलगतच्या खळग्यात फार खोल जाऊ नये, कारण तिथून सांध्यात जंतू गेला तर प्रकरण रुग्णालयापर्यंत जातं.

सुया वीस ते तीस मिनिटं ठेवतात. या वेळात पाय हलवायचा नाही. मोबाइल हातात घेऊन लोक कूस बदलतात आणि स्नायूत सुई वाकते. मग काढताना ओढ बसते. सुई अडकणं हा वेगळा प्रकार : ती एकाच दिशेने फिरवत राहिलं तर स्नायूचे तंतू तिच्याभोवती गुंडाळतात, किंवा स्नायूच आखडतो. तेव्हा जोर लावत नाहीत. दोन-चार मिनिटं थांबायचं, आजूबाजूला हलकं चोळायचं, उलट दिशेने किंचित फिरवायचं, तरी निघाली नाही तर जवळच दुसरी सुई टोचायची. माझी जीबी-३४ ची सुई अशीच धरली होती, शेजारी हलकेच चोळल्यावर सैल झाली. घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सगळ्या सुया तिथल्या तिथे काढायच्या, डोकं सपाट, पाय वर, शुद्ध असेल तर साखरपाणी. पहिल्याच वेळी बसवून टोचू नये ते याचसाठी. शेवटी सुया मोजून घ्याव्यात, लावल्या तितक्याच निघाल्या पाहिजेत. चादरीत राहिलेली सुई पुढच्या माणसाला लागते.

शेकासाठी मॉक्सा वापरतात. ती आपल्या दवण्याच्याच कुळातल्या वनस्पतीची सुकी, कुटलेली पानं असतात, काडीसारखी गुंडाळलेली. वास मात्र जोतिबाच्या दवण्यासारखा सुखाचा नाही, आणि धूर कपड्यांतून दोन धुण्यांत जातो. पेटलेलं टोक कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर, दहा-पंधरा मिनिटं. राख वेळेवर झाडली नाही तर भाजतं. पायाची संवेदना कमी असलेल्या मधुमेह्याने यात पडूच नये. दमा असेल तर इन्फ्रारेड दिवा बरा.

त्या दिवशी पाय जरा दुखरा, एखादं निळं ठिपकं, झोप येणं, हे चालतं. पहिल्या वेळेनंतर लगेच दुचाकी चालवू नये. दोन दिवसांनंतरही लाली, गरमपणा, सूज वाढत असेल किंवा ताप आला तर थेट डॉक्टर. मानेला, खांद्याला किंवा पाठीच्या वरच्या भागाला सुया घेतल्या असतील तर धाप किंवा छातीत कळ कधीही हलक्यात घेऊ नये, फुप्फुसाला टोच लागल्याची लक्षणं काही तासांनीही दिसतात.

व्यायाम साधे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, दहा वेळा. सरळ पाय वीतभर उचलून तसाच धरायचा. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस. सुयांच्या दिवशी हलके, दुसऱ्या दिवशी पूर्ण. जमिनीवर मांडी आणि उकिडवं बसणं या काळात बंद. देवपूजेला पाट सोडून स्टूल घेतलं तेव्हा घरात कुरकुर झालीच. वजनाचं गणित एका अमेरिकी अभ्यासात मांडलंय : एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो.

आठवड्याला दोन वेळा, अशा सहा ते आठ बैठकांनंतर हिशेब करायचा. तो वहीत असावा, आठवणीवर सोडू नये : जिना उतरताना दुखणं शून्य ते दहात किती, अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती उठ-बस, आठवड्याला वेदनाशामक गोळ्या किती. माझ्या वहीत आधी गोळ्या कमी झाल्या, मग उठ-बस वाढली, जिन्याचा आकडा सगळ्यात शेवटी हलला. आठ बैठकांत यातलं काहीच हललं नसतं तर पुढची पैसे भरायची पावती मी घेतली नसती, ‘आणखी दहा घ्या, मग गुण येईल’ हे ऐकूनही. फरक पडला की आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी एक, आणि आराम टिकायला लागला की बंद. व्यायाम चालू ठेवायचे.